काथ्याकूट



काथ्याकूट हा शब्द मराठीत निंदेचा मानला जातो. निष्फळ वाद, नको तितका कीस, जिला शेंडा ना बुडखा अशी चर्चा, असा त्याचा अर्थ आपण घेतो. घाटावरच्या माणसाने तो तसा घ्यावा हे समजू शकते. त्याने नारळ पाहिला तो बहुधा देवळात, सोललेला. पण रत्नागिरीच्या माणसाने हा अर्थ निमूटपणे मान्य करावा याचे मला नवल वाटते. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात महिनोन्महिने कुजत घालायची, मग ती काढून मोगरीने कुटायची, कुटता कुटता भुसा गळून पडतो आणि तंतू हाती राहतात, ते वळले की सुंभ होतो, सुंभाचे दोर होतात आणि त्या दोरांनी होडी बांधली जाते. काथ्या कुटल्यावाचून दोर होत नाही. तेव्हा कुटणारा वेडा असे सरसकट म्हणता येणार नाही. दोर वळण्याचा विचार मनात नसताना जो कुटत बसतो त्याला वेडा म्हणावे, आणि भुसा गोळा करून तंतू फेकून देणाऱ्याला तर दुसरा शब्दच शोधावा लागेल.

आजचा विषय हाच आहे. बारीकसारीक तपशिलाचा अतिरेकी सोस, ज्याला इंग्रजीत पेडंट्री म्हणतात, तो म्हणजे नेमके काय? तो शब्द युरोपात इटालियन भाषेतल्या पेदान्ते या शब्दावरून आला आणि पेदान्ते म्हणजे शाळामास्तर, आपला पंतोजी. तिकडच्यांनी ही खोड मास्तरांच्या माथी मारली. आपल्याकडे समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणांचा समास लिहून झाल्यावर पढतमूर्खलक्षणांचा समास वेगळा लिहिला. म्हणजे साध्या मूर्खाहून पढतमूर्ख ही निराळी जात आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण लक्षणे सांगणे सोपे आणि माणूस समोर उभा राहिला म्हणजे तो पंडित की पढतमूर्ख हे ओळखणे अवघड. म्हणून मी व्याख्या करीत न बसता आपल्याच जिल्ह्यातली, बहुतेक एका तालुक्यातली, उदाहरणे घेणार आहे.

दापोली तालुक्यातले मुरूड हे समुद्रकाठचे गाव. तेथे १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. घरची गरिबी, शिक्षण पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातले, नोकरी आयुष्यभर शिक्षकाची. म्हणजे युरोपियनांच्या हिशेबाने पक्का पेदान्ते. या मास्तराचा छंद असा की, कुठल्या तरी हजार-दीड हजार वर्षांमागच्या शिलालेखात जी तिथी आणि जो वार दिला असेल तो खरा आहे का, हे गणित करून पाहायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा उद्योग कसा दिसला असेल याची कल्पना आपण करू शकता. त्या दिवशी बुधवार होता की गुरुवार होता, याने कोणाची चूल पेटणार होती?

आता या गुरुवाराची गोष्ट ऐका. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तेथील एका स्तंभावर बुधगुप्त राजाच्या वेळचा लेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असे स्पष्ट दिले आहे. पण वर्ष १६५ कोणत्या शकाचे? गुप्तांचा काल केव्हा सुरू झाला, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता. कोणी तो इसवी सन ७७-७८ पासून धरी, कोणी १६६-६७ पासून, कोणी १९०-९१ पासून. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त ही सगळी नावे, त्यांची नाणी, त्यांच्या काळातले साहित्य आणि शिल्प हे सारे दोनअडीचशे वर्षे मागेपुढे हेलकावत होते. अकराव्या शतकात अल्बेरूनीने लिहून ठेवले होते की, शककालानंतर २४१ वर्षांनी गुप्तकाल सुरू होतो. पण त्याच ठिकाणी गुप्तांचा उच्छेद झाल्यावर हा काल सुरू झाला असेही तो म्हणतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबावे की न विसंबावे याविषयी पंडितांत एकमत नव्हते.

फ्लीट या इंग्रज पुराभिलेखज्ञाने गुप्तांचे लेख संपादण्याचे काम हाती घेतले, आणि तिथिवारांचे गणित त्याच्यासाठी दीक्षितांनी केले. १६५ मध्ये २४१ मिळवले की शके ४०६, म्हणजे इसवी सन ४८४. त्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी पडते? गणिताने उत्तर आले : २१ जून ४८४, गुरुवार. स्तंभावर गुरुवार, गणितात गुरुवार.

वार जुळला म्हणजे सर्व सिद्ध झाले, असे मात्र समजू नका. वार सातच आहेत, तेव्हा सातांतून एकदा कोणाचाही वार जुळेल. एका गुरुवारावर इतिहास उभारणे हाही एक प्रकारचा पढतमूर्खपणाच झाला असता. खरा आधार दुसरीकडून आला. मंदसोर येथे रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने बांधलेल्या सूर्यमंदिराचा लेख सापडला. त्यात मालव संवत् ४९३, म्हणजे इसवी सन ४३६ च्या सुमारास, कुमारगुप्त राज्य करीत असल्याचे सांगितले आहे. कुमारगुप्ताची गुप्तकालातली वर्षे ठाऊक होतीच. ती ३१९-२० या आरंभाशी जुळतात, १६६ शी जुळत नाहीत. मंदसोरने दार बसवले आणि एरणच्या गुरुवाराने कडी घातली. फ्लीटचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. आज कुठल्याही शालेय पुस्तकात गुप्तकालाचा आरंभ इसवी सन ३१९-२० असा छापलेला असतो, त्याच्या पाठीमागे मुरूडच्या या मास्तराची आकडेमोड आहे. पुढे १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांनी लिहिलेला इतिहास मराठीत निघाला, त्याच वर्षी सेवेल यांच्याबरोबर केलेला भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि १८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते वारले. एवढे काम इतक्या थोड्या आयुष्यात आणि मास्तरकी सांभाळून!

अशीच आणखी एक बारीक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला चिकटलेली आहे. शिवकालात राजापूरला इंग्रजांची वखार होती आणि दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज होते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच पोप ग्रेगरीचे सुधारलेले कॅलेंडर घेतले होते. इंग्रजांनी ते घेतले १७५२ साली. म्हणून सतराव्या शतकात राजापूरच्या इंग्रजाने आणि गोव्याच्या फिरंग्याने एकाच दिवशी पत्र लिहिले तरी दोघांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडे. ज्याला हे ठाऊक नाही तो संशोधक बातमी घटनेच्या आधी पोचवतो. अफझलखानाचा वध इंग्रजी जुन्या गणनेने १० नोव्हेंबर १६५९ चा, पोर्तुगीज गणनेने २० नोव्हेंबरचा. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी मात्र दोघांनाही एकच. दहा दिवसांचा हा फरक सांगणाऱ्यावर कीस पाडल्याचा आरोप करण्यापूर्वी ती पत्रे एकदा समोर ठेवून पाहावीत.

आता नाण्याची दुसरी बाजू. हेच दीक्षित, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक, केरूनाना छत्रे, विसाजी रघुनाथ लेले, व्यंकटेश बापूजी केतकर अशी मोठमोठी माणसे ज्या पंचांगवादात पडली, तो वाद कोणत्या खात्यात घालायचा? मला वाटते, त्याचे दोन तुकडे करावे लागतात. वादाचा पहिला भाग निखालस खरा होता. गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव शके १४४२ मधला. साडेतीनशे वर्षांत त्यावरची गणिते आकाशाशी जुळेनाशी झाली होती. पंचांगात ग्रहण एका घटकेला आणि आकाशात दुसऱ्या घटकेला, ही गोष्ट डोळ्यांनी दिसत होती. ती दुरुस्त केली पाहिजे असे केरूनानांनी म्हटले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पटवर्धनी पंचांग सुरू झाले. येथे आकाश पंच होते. वाद करा, दुर्बीण लावा, निकाल मिळेल.

दुसरा भाग राशिचक्राच्या आरंभबिंदूचा. जुन्या ग्रंथांत रेवतीचा तारा आरंभाजवळ आणि चित्रेचा तारा त्याच्या जवळजवळ समोर सांगितलेला आहे. रेवतीचा म्हणून जो तारा टिळकपक्षाने धरला तो आणि चित्रा यांच्यात प्रत्यक्ष आकाशात सुमारे १८४ अंश भरतात. म्हणजे दोघांनाही एकदम खरे करता येत नाही. रेवती धरा किंवा चित्रा धरा, मध्ये चार अंशांचा फरक राहणारच. दीक्षित, लेले आणि मोडक तर म्हणत की दोन्ही सोडा आणि संपातापासूनच सायन मोजा. तिन्ही पक्षांत विद्वान होते, तिन्ही पक्षांकडे वचने होती. पण आरंभ कोठून मोजायचा हे आकाश सांगत नाही. ते माणसांनी आपसांत ठरवायचे असते. १९०४ साली मुंबईस, १९१७ साली पुण्यास आणि १९२० साली सांगलीस परिषदा भरल्या, तरी सर्वांना मान्य होईल असे ठरले नाही. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या समितीने राष्ट्रीय कालगणना आखली, ती २२ मार्च १९५७ पासून सरकारी कामात आली. घरोघरच्या पंचांगांवर तिचा फारसा परिणाम झाला नाही.

चार अंशांचे फळ काय? सूर्याची संक्रांत चार दिवस अलीकडे येते, आणि त्यामुळे एखादे वर्षी अधिक मास निरनिराळ्या ठिकाणी पडतो. २०२३ साली बहुतेक महाराष्ट्रात अधिक श्रावण आला आणि गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला झाली. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टलाच बसले. माहेर एका पंचांगाचे आणि सासर दुसऱ्या पंचांगाचे असेल तर त्या वर्षी मोदक दोनदा. याने कोणाचे वाईट झाले असे मला वाटत नाही, मुलांचे तर भलेच झाले. पण हा वादाचा भाग पहिल्या भागाहून निराळा आहे हे ओळखले पाहिजे. जेथे पुरावा निकाल देऊ शकतो तेथे बारकावा शोधणे हा अभ्यास. जेथे पुरावा नाही, केवळ संकेत ठरवायचा आहे, तेथे एका मर्यादेपुढचा बारकावा हा हट्ट होतो, आणि मोठ्या माणसांचा हट्ट मोठा असतो एवढेच.

शुद्धलेखनाचे प्रकरण याच जातीचे, त्यावर फार वेळ घेत नाही. १९६२ साली नव्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला आणि लक्षावधी मुलांचे मार्क वाचले. गंमत एवढीच की, जो अनुस्वार पुण्याच्या जिभेवरून गेला म्हणून अनुच्चारित ठरला, तो कोकणातल्या चित्पावनी बोलीत तेव्हाही नाकातून ऐकू येत होता. पण लेखनाचा नियम हा संकेतच आहे. तो ठरला, पुढे चला.

श्रोतेहो, आतापर्यंतची उदाहरणे ऐकून आपल्याला वाटेल की, कीस काढणारा फार तर कंटाळवाणा असतो, घातक नसतो. तसे नाही. तपशिलाच्या एका टिंबावर माणसांची आयुष्ये कशी अडकतात, हे दाखवणारे उदाहरण आता सांगतो.

विधवाविवाहाला अनुकूल असे एक वचन पराशरस्मृतीत आहे. पती नाहीसा झाला, मेला, संन्यासी झाला, षंढ निघाला किंवा पतित झाला, या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितलेला आहे, असा त्याचा सरळ अर्थ. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली त्यावर भर दिला आणि १८५६ साली कायदा झाला. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी ती बाजू उचलली. १८६९ साली मुंबईत पुनर्विवाह घडून आला, बहिष्काराचे प्रकरण पेटले आणि १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा जाहीर वाद झाला. निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला.

या सबंध वादात विरोधकांनी एक व्याकरणाचा मुद्दा काढला होता. त्या श्लोकात पतौ असे रूप आहे. पाणिनीच्या नियमाप्रमाणे पति हा शब्द एकटा असेल तर सप्तमी पत्यौ अशी होते. पतौ हे रूप समासात, जसे सेनापतौ, भूपतौ. तेव्हा ऋषी चुकणे तर शक्य नाही. म्हणून तेथे पतौ नसून अपतौ आहे, त्यातला अ मागच्या एकारात संधीने लोपला आहे, हस्तलिखितात अवग्रह लिहिलेला नाही एवढेच. आणि अपति म्हणजे काय? जो अजून पती झालेला नाही तो, म्हणजे केवळ वाङ्‌निश्चय झालेला वर. सारांश, हे वचन विवाहित स्त्रीला लागूच नाही!

युक्तिवादाची चतुराई पाहण्यासारखी आहे. व्याकरणाचा नियम खरा, संधीचा नियम खरा, अवग्रह लिहिण्यात हयगय होते हेही खरे. तीन खऱ्या गोष्टींतून चौथी खोटी गोष्ट काढली. उत्तरही तपशिलातूनच देता येते, आणि ते दिले गेले. आर्ष ग्रंथांत अशी अनियमित रूपे ठायी ठायी आहेत. हेच वचन नारदस्मृतीतही आहे आणि तेथला संदर्भ विवाहित स्त्रियांचा आहे. शिवाय पराशर त्याच्याच पुढे पती मेल्यावर ब्रह्मचर्याने राहणाऱ्या आणि सहगमन करणाऱ्या स्त्रीची फळे सांगतो. वाग्दत्त मुलीने सती जावे असे त्याला म्हणायचे होते काय? एक अक्षर पाहिले आणि मागचापुढचा श्लोक पाहिला नाही, किंवा पाहूनही सांगितला नाही. माझ्या मते कीस आणि अभ्यास यांतला फरक येथे अगदी उघडा पडतो. अभ्यासक एका अक्षरावरून सबंध ग्रंथाकडे जातो. दुसरा माणूस सबंध ग्रंथ एका अक्षराआड लपवतो. तो अडाणी नसतो, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणे कठीण जाते.

त्या एका अवग्रहाच्या पलीकडे कोण होते? पुन्हा मुरूडला चला. दीक्षितांच्याच गावचे धोंडो केशव कर्वे. त्यांची एक गोष्ट आधी सांगतो, कारण तीही याच विषयातली आहे. १८७५ साली, सतरा वर्षे पुरी झालेला हा मुलगा मुरूडहून पायी निघून सह्याद्री चढून साताऱ्याला सरकारी परीक्षेसाठी गेला. परीक्षेला सतरा वर्षे वयाची अट होती. वयाचा दाखला त्याच्याजवळ होता. पण अंगाने लहानखुरा, म्हणून समितीच्या प्रमुखाने तो सतरा वर्षांचा आहे हे मानलेच नाही आणि परीक्षेला न बसवता परत पाठवले. कागद हाती असूनही डोळ्यांना जे वाटले तेच खरे धरले. म्हणजे तपशिलाची हेळसांड करणारेही तितकेच निर्दय असू शकतात.

याच कर्व्यांनी, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक असताना, ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई देवरुखच्या जोशांची मुलगी. आठव्या वर्षी लग्न आणि लग्नानंतर थोड्याच महिन्यांत वैधव्य. तिने आपला नवरा नीट पाहिला तरी असेल की नाही कोण जाणे. पुढे ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली. पतौ की अपतौ, हा प्रश्न तिच्या बाबतीत असा होता की, आठव्या वर्षापासून मरेपर्यंत एका काळोख्या खोलीत बसायचे की नाही. कायदा होऊन सदतीस वर्षे झाली होती, तरी मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांच्याबरोबर कोणी बैठकीला बसू नये असे ठरले. आईच्या घरी उतरावे तर आईवर बहिष्कार येणार. मुरूडच्या उन्नतीसाठी ज्या माणसाने वर्गणी गोळा करून फंड उभा केला होता, त्यालाच गावात परक्यासारखे राहावे लागले. कायद्याच्या पुस्तकात स्त्री मोकळी होती, गावाच्या ओसरीवर तो अवग्रह अजून टिकून होता.

मग तो पुसला कोणी? एक उत्तर कर्व्यांच्या कामात आहे, ते सर्वांना ठाऊक आहे; १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. दुसरे उत्तर जरा अनपेक्षित ठिकाणी आहे. चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे येथे १८८० साली जन्मलेले, शाळकरी वर्षे दापोलीत काढलेले पांडुरंग वामन काणे काही काळ रत्नागिरीच्याच सरकारी हायस्कुलात मास्तर होते. पुन्हा मास्तरच! व्यवहारमयूख या ग्रंथाचे संपादन करताना त्याला थोडी प्रस्तावना जोडावी असे त्यांच्या मनात आले. ती प्रस्तावना वाढत वाढत धर्मशास्त्राचा इतिहास झाली, १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे तिचे खंड निघत राहिले, पाच खंड आणि साडेसहा हजारांहून अधिक पाने. तळटिपांनी भरलेली ती पाने पाहून एखादा म्हणेल, कीस काढण्याचा याहून मोठा नमुना जगात नसेल. एकेका आचारावर कोणत्या स्मृतीने काय म्हटले, टीकाकाराने काय फिरवले, कोणत्या शतकात कोणत्या प्रांतात काय चालत होते, हे सगळे ओळीने मांडलेले. आणि ते तसे मांडल्याबरोबर एक गोष्ट आपोआप दिसू लागते : जे सनातन म्हणून सांगितले जात होते ते वेळोवेळी बदलत आले आहे. पंडित एक वचन काढून तोंड बंद करी. काण्यांनी सगळीच वचने बाहेर काढली. त्यांनाही १९६३ साली भारतरत्न मिळाले.

त्यांच्या १९४१ सालच्या दुसऱ्या खंडात विधवांच्या पुनर्विवाहाचे प्रकरण आहे. पराशराचे ते वचन तेथे आहे, शेजारी नारदाचे आहे, आणि ते कलियुगाला लागू नाही म्हणून बाजूस सारणाऱ्या टीकाकारांची मतेही आहेत. आवाज न चढवता, एका वकिलाने कागद दाखल करावेत तसे ते एकापुढे एक ठेवलेले आहेत. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई कर्वे, तो खंड निघाला तेव्हा हयात होत्या.